गाढवाचं आमेन

लिंडेनताल
रविवार, ९ ऑक्टोबर २०१६

प्रिय क्नेल्स,

प्रभूच्या शांतीत तुला, एर्नाला आणि तिच्या घरच्यांना सलाम. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईचे गुडघे गप्प बसले तर तेच काळजीचं. तुम्ही कसे आहात हे विचारायची पद्धत आहे म्हणून विचारते. एर्नाच्या पत्रातून कळलं आहेच.

हे पत्र एर्ना तुला वाचून दाखवणार. एर्ना, सावकाश वाच, आणि त्यांच्या डाव्या हाताला बस, उजवी बाजू गेली म्हणतेस ना. मधलं काही गाळू नकोस. पुढे असा मजकूर येईल की तुला वाटेल, हे बाबांना कशाला ऐकवायचं? ऐकवायचं.

आधी गावची खबर. बटाटे काढून झाले. सफरचंदं यंदा एवढी लागली की फांद्यांना टेकू द्यावे लागले, आणि खायला कोण, तर मी आणि शेजारच्या बुरुलची शेळी. डोंगरावर बर्फ अर्ध्यापर्यंत उतरलं आहे. तुझं घर ज्या दुंगान, म्हणजे चिनी वंशाच्या मुसलमान, कुटुंबाने घेतलं त्यांनी अंगणभर लसूण वाळत घातला आहे. चांगली माणसं आहेत, पण विहिरीजवळचं तुतीचं झाड तोडलं. घर त्यांचं आहे.

आईच्या कबरीचं कुंपण मी उन्हाळ्यात रंगवलं. निळा रंग मिळाला नाही, हिरवा दिला.

थीसनांच्या साराला तिच्या मुलाने मे महिन्यात जर्मनीला नेलं. जाताना तिने प्रार्थनागृहाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "युस्ता, तू मंडळीत नाहीस हे मला माहीत आहे. पण आता दुसरं आहे कोण?" तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. आधी लागेल असं बोलायचं आणि मग खाऊ द्यायचा. किल्लीबरोबर तिने झ्वीबाकची पिशवीही दिली, अजून गरम. ते डोक्यावर डोकं ठेवलेले पाव मी गाडी वळणाआड जाईपर्यंत छातीशी धरून उभी होते.

तेव्हापासून रविवारी मीच दार उघडते, मीच गाते, मीच दार लावते. खालचा सूर धरायला कुणी नाही, म्हणून एक कडवं वरच्या सुरात म्हणते आणि एक खालच्या. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसते. थंडीत पुरुषांच्या बाजूला ऊन येतं, पण तिकडे जाऊन बसायला अजून धीर होत नाही.

बुरुल रोज दूध घेऊन येते. पलीकडच्या घरची सून म्हणून आली तेव्हा केवढीशी होती, आता स्वतः आजी झाली. मला अजून एजे, म्हणजे ताई, म्हणते आणि सख्ख्या धाकट्या बहिणीसारखी दटावतेही. परवा म्हणाली, "एजे, तुमचे सगळे लोक जर्मनीला गेले, तुमचा देवही गेला असेल. त्याला कागदपत्रं लवकर मिळाली असतील."

मी म्हटलं, "गेला असता तर माझ्याकडून किल्ली मागून घेतली असती."

"म्हणजे तो आतच कोंडला गेलाय!" ती म्हणाली. "या रविवारपासून त्या रविवारपर्यंत. बिचारा. निदान चहा तरी ठेवत जा त्याला."

एर्नाचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर का झाला, तर बटाट्यांमुळे. नाही, बटाट्यांमुळे नाही. सांगते, पण आधी जुनं सांगू दे.

एर्ना, त्या दिवशी तू सहा वर्षांची होतीस, आणि गोवर आला म्हणून घरी होतीस. तुझ्या घरात हे कसं सांगितलं गेलं मला माहीत नाही. मी माझ्या बाजूने सांगते. क्नेल्स, माझं चुकलं तर तुला आता दुरुस्त करता येणार नाही, पण त्याचा फायदा मी घेणार नाही.

अठ्ठ्याऐंशीचा जून. पावसाचा पत्ता नव्हता, गवत उभ्या उभ्या जळत होतं. तू मंडळीचा वडील, म्हणजे प्रमुख, होऊन दोन वर्षं झाली होती. तू सगळ्यांना गुडघ्यांवर बसवलंस आणि पावसासाठी प्रार्थना सुरू केलीस. खिडक्या उघड्या होत्या. तू खूप वेळ प्रार्थना केलीस. मी आईच्या शेजारी होते, तिचे गुडघे दुखत होते, तरी तिने हूं की चूं केलं नाही. शेवटी तू आवाज चढवून म्हणालास, "प्रभो, आम्ही तुझे दास ऐकत आहोत. तुझा आवाज आम्हाला ऐकव!"

आणि बुरुलच्या सासऱ्याचं गाढव खिडकीखाली ओरडलं.

साधं नाही ओरडलं. आधी श्वास ओढून घेतला, मग पायरी पायरीने चढलं, आणि शेवटी इतकं लांबवलं की तू "आमेन" म्हणालास ते कुणाला ऐकूच आलं नाही. सगळी मंडळी खाली मान घालून गप्प. आणि मग मी हसले. मोठ्याने. थांबताच येईना. तू डोळे उघडून पाहिलंस, तो चेहरा मी विसरलेले नाही.

त्या आठवड्यात सभासदांची बैठक झाली. पवित्र घडीची थट्टा केली म्हणून मला प्रभुभोजनापासून दूर ठेवायचं, आणि मी मंडळीसमोर उभी राहून क्षमा मागेपर्यंत परत घ्यायचं नाही. तू म्हणालास, अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत. सगळे हात वर गेले. आईचाही गेला. कोपरापासून, अर्धाच, पण गेला.

दोन दिवसांनी पाऊस आला. तू म्हणालास, आमच्यात पाप असूनही प्रभूने दया केली. आई घरी मला म्हणाली, "हसता हसता देवाच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, दुसरं काय!"

मी क्षमा मागितली नाही. तू दरवर्षी नाताळाच्या पत्रात एकच ओळ लिहीत आलास, "उभी राहा आणि बोल, दार उघडं आहे." अठ्ठावीस वर्षं मी प्रभुभोजनातला तो भाकरीचा तुकडा तोंडात घातलेला नाही. पहिल्या पहिल्या वर्षांत ताट माझ्या समोरून पुढे जायचं तेव्हा मी बुटांच्या नाड्या पाहत बसायचे. नंतर नंतर नाड्या पाहण्याचीही सवय झाली.

आता दिवा लावायची वेळ झाली, डोळे शिणले. उरलेलं नंतर लिहीन.


बुधवार, १९ ऑक्टोबर

लिहायला बसले आणि उठले, असं दोनदा झालं. आता उठत नाही.

क्नेल्स, आधी आई हसली.

ऐक. गाढवाने श्वास ओढून घेतला तेव्हाच आईचे खांदे हलायला लागले होते. तिने शालीचं टोक तोंडात कोंबलं. गाढव शेवटच्या पट्टीला पोचलं तेव्हा तिच्या नाकातून एक आवाज निघाला. पुढच्या बाकावरच्या बायकांनी ऐकला, माना वळायला लागल्या. म्हणून मी हसले. तिचा आवाज झाकायला हसले. झाकण्यापुरतंच हसायचं होतं, पण एकदा तोंड उघडल्यावर मलाच आवरेना.

बैठकीच्या आदल्या दिवशी ती माझ्या पलंगावर येऊन बसली. म्हणाली, "युस्ता, मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मला मंडळीबाहेर मरायचं नाही. तू अजून पोरगी आहेस, तुझ्याकडे वेळ आहे." मी एकोणपन्नास वर्षांची पोरगी! मी म्हटलं, बरं. आणि दुसऱ्या दिवशी तिने तो अर्धा हात वर केला.

मी तिच्यावर रागावले नव्हते असं लिहिलं तर खोटं होईल. चार महिने मी तिच्याशी कामापुरतं बोलले. पण एका घरात दोनच माणसं असली की राग तरी किती दिवस टिकणार? आणि ती मला हसवायची.

तुला तिचं बूट प्रकरण कधी सांगितलं होतं का? बहुतेक नाही, तुला ती फक्त शास्त्र सांगायची. बेचाळीस साली, युद्धात, आपण जर्मन म्हणून तिला लाकूडतोडीच्या छावणीत नेलं, आपण दोघं आजीजवळ राहिलो, ते तुला माहीत आहे. तिथे पहिल्या हिवाळ्यात बराकीतल्या बायका पायांना पोती बांधून कामाला जायच्या. त्यांनी बुटांसाठी प्रार्थना केली, रोज, महिनाभर. एके दिवशी खरंच बुटांची पेटी आली. उघडली तर सगळे डाव्या पायाचे! एकही उजवा नाही. मग कुणीतरी म्हणालं, "देवाने ऐकलं, पण एकाच कानाने." त्या इतक्या हसल्या की पहारेकऱ्याला वाटलं वेड लागलं. आई म्हणायची, त्या हसण्यावर मी तो हिवाळा काढला. आणि दोन्ही पायांत डावा बूट घालून काढला.

म्हणून तिचा देव हसरा होता. आपल्या बाबांसारखा, मोठ्या बांध्याचा, आवाज न करता खांदे हलवून हसणारा. तुझा देव मात्र सिंहासनावर बसलेला, भुवया जुळलेल्या. तू एकदा तिला म्हणाला होतास, "आई, प्रभू रडला असं शास्त्रात लिहिलंय. हसला असं कुठेही लिहिलेलं नाही." तू गेल्यावर ती कणीक मळता मळता म्हणाली, "रडला ते विशेष होतं, म्हणून लिहिलं. रोज होतं ते कोण लिहून ठेवतं? मी पन्नास वर्षं पाव भाजले, लिहिलंय का कुणी?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि शास्त्रातली सारा म्हातारपणी देवावर हसली, तेव्हा त्याने तिला मंडळीबाहेर काढलं का? मुलगा दिला."

हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. आता त्याहून अवघड ते लिहिते.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत आई गेली. जाण्याच्या आधी तीन दिवस तिने मला जवळ बोलावून सांगितलं, "मी गेल्यावर क्नेल्सला सांग. त्याला राग आला तर म्हणावं, वर येऊन भांड." मला तिने मोकळं केलं होतं, क्नेल्स. दफनाच्या दिवशी तू कबरीशी माझ्या शेजारी उभा होतास, तेव्हा मी सांगू शकले असते. ब्याण्णवमध्ये तू जर्मनीला जायला सामान बांधलंस आणि म्हणालास, "मंडळीसमोर एकदा उभी राहा, युस्ता. मी तुझा दाखला लिहून देतो, तिकडच्या मंडळीत घेतील तुला. चल आमच्याबरोबर." तेव्हाही सांगू शकले असते. मी काय म्हटलं आठवतं? गाय व्यायला झाली आहे, म्हटलं. ती गाय भाकड होती. तुला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

मी सांगितलं नाही, कारण मला तू चुकलेला हवा होतास. सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी मला परत घेतलं असतंस, तू न्यायी माणूस आहेस. पण मला न्याय नको होता. मला वाटायचं, त्याने खरं कारण न कळताच यावं, आणि म्हणावं, "युस्ता, गाढव ओरडलं की माणूस हसणारच, चल घरी." त्या वाक्याची वाट पाहत मी पंचवीस वर्षं इथे राहिले. लोकांना सांगत आले, आईच्या कबरीसाठी राहिले.

आणि मग एर्नाचं पत्र आलं.

एर्ना, तू लिहिलंस की बाबांची वाचा गेली आणि त्या जागी हसू आलं. कारण नसताना येतं, प्रार्थनेच्या ऐन मध्यावर येतं, मोठ्याने येतं आणि थांबता थांबत नाही. डॉक्टर म्हणतात, मेंदूतली तार सुटली आहे, त्या हसण्याला अर्थ नाही. आणि मंडळीतल्या बंधूंनी अगदी प्रेमाने सुचवलं की त्यांनी घरीच बसून फोनवरून उपासना ऐकावी. तू लिहिलंस, "आत्या, ते दर रविवारी कोट घालून दारापाशी बसतात."

ते वाचलं तेव्हा मी चुलीपाशी उभी होते. क्नेल्स, मी म्हटलं, "बरं झालं." मोठ्याने म्हटलं. आणि वर पाहून म्हटलं, "उशीर केलास, पण गंमत झकास केलीस." आणि हसले.

दोन-तीन दिवस मला छान वाटलं. मग भीती वाटायला लागली. अठ्ठावीस वर्षं दबा धरून बसायचं आणि म्हाताऱ्या माणसाला भर मंडळीत हसं करायचं, असा देव असेल तर तो कोण? आई सांगायची, छावणीतले पहारेकरीही हसायचे. कुणी बर्फात पडली की हसायचे. ती म्हणायची, "ते हसणं ऐकलं की थंडी वाढायची, आणि आमचं ऐकलं की कमी व्हायची. एवढाच फरक, पण अंगाला कळतो." मी चुलीपाशी हसले ते पहारेकऱ्याचं हसणं होतं. मला नंतर चूल पेटवूनही ऊब येईना.

म्हणून गेल्या रविवारी मी तू सांगितलंस ते केलं. निळा रुमाल बांधला, दार उघडलं, गाणं म्हटलं, आणि उठून पुढे जाऊन मंडळीसमोर उभी राहिले. समोर बावीस रिकामे बाक. मी म्हटलं, "बंधूंनो आणि भगिनींनो, मी माझ्या भावाच्या दुखण्यावर हसले, आणि पंचवीस वर्षं त्याच्यापासून खरं लपवलं. मला क्षमा करा." आवाज घुमला. कुणी खोकलंही नाही.

मग आठवलं, आता मत घ्यायला हवं. पद्धत म्हणजे पद्धत. म्हणून मी म्हटलं, "अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत." आणि मंडळी म्हणून बाकावर जाऊन बसले. हात वर करणार, तेवढ्यात लक्षात आलं की मी शिक्षेत आहे. शिक्षेत असलेल्याला मत नसतं, नियम तूच वाचून दाखवायचास. म्हणजे मंडळीत मी एकटी, आणि त्या एकटीला हात वर करता येत नाही! मला परत घ्यायला दुसरं कुणी नाही, आणि मी मंडळीत असल्याशिवाय मला परत घेता येत नाही.

क्नेल्स, मला हसू आलं. त्याच तिसऱ्या बाकावर, जिथे आईने शाल तोंडात कोंबली होती. मी इतकी हसले की पुढच्या बाकाला धरावं लागलं.

बुरुल दुधाची किटली घेऊन दारात. "एजे! काय झालं? रडतेस की हसतेस?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एक हात हवाय ना? मग मी करते वर."

"तू मुसलमान आहेस, बुरुल."

"गाढव आमचं होतं," ती म्हणाली. "आमचा काहीतरी संबंध लागतोच." आणि तिने किटली खाली ठेवून दोन्ही हात वर केले. म्हणाली, "एक माझा आणि एक माझ्या सासऱ्यांचा. ते असते तर त्यांनीही केला असता. त्या गाढवाने त्यांची कमी लाज काढली का?"

तिला दोन झ्वीबाक दिले आणि घरी पाठवलं. मग मी पुन्हा बसले, पण आता पुरुषांच्या बाजूला, उन्हात. तुझ्या जागेवर बसले.

बुरुलच्या हाताने भागत नाही. मला बाहेर तू काढलंस, आत तूच घ्यायला हवंस. मी तुझ्यापाशी क्षमा मागते, गाढवाच्या दिवसाबद्दल नाही, चुलीपाशी हसले त्याबद्दल, आणि आईचा निरोप पंचवीस वर्षं दाबून ठेवला त्याबद्दल. तुला बोलता येत नाही. उजवा हात उचलत नाही. डावा उचललास तरी मी धरून चालेन. तोही नाही उचलला, तर हसलास तरी चालेल. मी तेवढ्यावर परत येईन.

एर्ना, मला दुसरं काही लिहू नकोस. बाबा हसले का, आणि कोणत्या ओळीला हसले, एवढंच लिही. तू म्हणशील, आत्या, ते कुठेही हसतात, त्याला अर्थ नसतो. नसू दे. तू ओळ लिही. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा दिवस येतो, तोवर तुझं पत्र पोचेल. पीठ मी आणून ठेवलं आहे.

आणि हे पत्र पोचेल त्यानंतरच्या रविवारी त्यांना कोट घाल आणि मंडळीत घेऊन जा. मागच्या बाकावर बसा. परगावच्या मंडळींचे सलाम सांगायची वेळ येते तेव्हा तू उभी राहा आणि सांग, लिंडेनतालची मंडळी तुम्हा सर्वांना सलाम सांगते. ते उठून "आमचाही सलाम कळवा" म्हणतील, तेव्हा तो माझ्यासाठी घेऊन ठेव. तिकडे किती जण उरले असं कुणी विचारलं तर खोटं सांगू नकोस. त्या वेळी बाबा हसले, तर त्यांचा हात धर आणि हसू दे. आई असती तर तीही हसली असती. शाल तोंडात न कोंबता.

दार मी उघडं ठेवलं आहे, क्नेल्स.

तुझी बहीण,
आणि तू हसलास तर मंडळीतली,
युस्ता